मोठ्या मॅडम रुजू होताना

आमच्या शाळेचे आधीचे मुख्याध्यापक सर ३१ मेला निवृत्त झाले. त्या एका तारखेला महाराष्ट्रात किती शिक्षक घरी बसत असतील देव जाणे, कारण त्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं पावलोपावली सापडतात. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबाप पोराचं बोट धरून यायचे, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराकडे बघून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि पुढे १ जून टाकून मोकळे व्हायचे. पहिल्या तारखेचा जन्म असला की नियमाने आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, म्हणून ३१ मे. सरांचीही तीच गत. निरोपाच्या दिवशी स्वतःच हसत म्हणाले, "खरी तारीख आईला पण आठवत नव्हती. पोळ्याच्या आसपास झालास, एवढंच सांगायची."

सर गेले आणि जूनमध्ये शाळा उघडली ती प्रभारींच्या भरवशावर. प्रभारी म्हणजे काय हे मी शाळेच्या समितीत येण्याआधी मला कळत नव्हतं. सर्वांत ज्येष्ठ बाईंकडे मुख्याध्यापकाचं काम येतं, पण त्यांचा वर्ग काही कुणी काढून घेत नाही. आमच्या चौथीच्या बाई फळ्यावर भागाकार लिहायच्या आणि पोरं वहीत उतरवेपर्यंत ऑफिसात पळायच्या. कुणाला दाखला हवा, कुणाला बोनाफाइड, त्यात मोबाइलवर मेसेज की अमुक माहिती आजच्या आज भरा. माझी मुलगी त्याच वर्गात. घरी आली की म्हणायची, "आज बाई तीनदा आल्या." म्हणजे तीनदा गेल्याही होत्या.

मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. घरी ब्लाऊज शिवते, मिस्टर नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कंपनीत आहेत. अध्यक्ष म्हटलं की लोकांना वाटतं मोठं पद असेल. तसं काही नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात ही समिती सांगितली आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या बायका, अध्यक्ष पालकांतूनच आणि मुख्याध्यापक सचिव. कागदावर भारी वाटतं. प्रत्यक्षात आमच्याकडे सभा म्हणजे सही करायची आणि बिस्कीट खायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं. या कायद्यातच असंही आहे की पहिली ते पाचवीचा पट दीडशेच्या वर गेला की पाच शिक्षकांच्या जोडीला स्वतंत्र मुख्याध्यापक. आमचा पट दोनशेला टेकतो, म्हणजे मुख्याध्यापक हा आमच्या पोरांचा हक्कच झाला. हे कळल्यावर समितीतल्या बायका सरसावून बसल्या.

जुलैत नव्या मुख्याध्यापिका मॅडमचा आदेश निघाला. आदेश शाळेत पोचायच्या आधी त्याचा फोटो आमच्या ग्रुपवर आला. आमच्या नाशिकच्या सिडकोत बातमीला पाय लागत नाहीत, ती थेट उडते. तासाभरात मॅडमची सगळी कुंडली तयार. कुणाच्या तरी जावेची पोरं त्यांच्या आधीच्या शाळेत, नाशिकरोडकडे. तिथून समजलं की मॅडम कडक आहेत. दुसरीकडून समजलं की फार साध्या आहेत. तिसरीने सांगितलं की त्या पोरांच्या डब्यात डोकावतात. यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं!

स्वागत कसं करायचं यासाठी सभा लावली, आणि सगळे सदस्य आले असं पहिल्यांदाच घडलं. विषय पत्रिकेवर एकच होता, पण त्यात भाऊ शिरले. आमच्या भागातल्या एका भाऊंचा निरोप आला होता: फ्लेक्स माझ्याकडून. भाऊंचा फ्लेक्स म्हणजे काय हे नाशिकमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. भाऊ हात जोडून मधोमध, वर त्यांच्या नेत्यांची रांग, बाजूला शुभेच्छुकांचे गोल फोटो आणि ज्यांचं स्वागत त्या मॅडम कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. नाही म्हणावं तर उद्या शाळेसमोरचा दिवा बंद पडला की त्यांच्याकडेच जायचं. रिक्षावाले दादा समितीत आहेत, त्यांनी फोन लावला आणि अगदी भक्तिभावाने सांगितलं, "भाऊ, मॅडमचा फोटोच मिळत नाहीये हो कुठं." फोटो काही मिळाला नाही, फ्लेक्स काही लागला नाही. दादांना मी तेव्हापासून मानते.

मग शाल-श्रीफळ. त्यावर फार वेळ गेला नाही. एका मुलाची आई दहीपुलाकडे फुलं विकते. ती म्हणाली, हार नको, पन्नासभर सुटे गुलाब आणते, पोरं देतील.

खरा वाद झाला तो मागण्यांच्या यादीवर. काहींचं म्हणणं, पहिल्याच दिवशी निवेदन हातात द्यावं. संडासाचं दार तुटलेलं आहे, टाकीला झाकण नाही, मागची भिंत खचली आहे, दोन वर्गांत पंखे नाहीत. गरम तव्यावरच पोळी भाजली पाहिजे, उद्या मॅडम रुळल्या की कोण ऐकतं? माझं मत उलटं होतं आणि अजूनही आहे. ज्या बाईला अजून ऑफिसाचं कपाट उघडता येत नाही तिच्या हातात निवेदन देऊन आपण फक्त आपला फोटो काढून घेतो. तिला काहीच माहीत नाही, तर आधी माहिती तरी द्या. बरीच घासाघीस होऊन ठरलं की निवेदन आठ-पंधरा दिवस थांबेल आणि त्याआधी आपण एक वही करू. शाळेबद्दल जे जे पालकांना ठाऊक आहे आणि कुठल्याही रजिस्टरात नाही ते त्या वहीत.

ही वही करताना मजा आली. दोनशेपानी, पुठ्ठ्याची. ज्याला जे आठवेल ते सांगायचं, मी लिहायचं. जोराचा पाऊस झाला की गेटसमोर घोट्याच्या वर पाणी साचतं, तेव्हा पहिली-दुसरीला मागच्या बाजूने सोडावं. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे शाळेची जादा किल्ली आहे, तो रविवारीही असतो. पालकांत प्लंबर कोण, वायरमन कोण, वेल्डिंगवाला कोण, आणि त्यातले कोण पैसे घेत नाहीत. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कोण फर्स्ट शिफ्टला जातं आणि कोण नाइटला, म्हणजे कुठल्या घरी दुपारी फोन केला तर झोपमोड होते. बांधकामाच्या साइटवर राहणारी पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं आहेत, इमारत पूर्ण झाली की ती उठून दुसऱ्या साइटवर जातात, त्या पोरांचं नाव लगेच पटावरून काढू नये, आधी मुकादमाला विचारावं. एक पान भाषेचं झालं. आमच्या शाळेत मराठी माध्यम आहे, पण मधल्या सुट्टीत कान दिला तर मराठी कमीच. निम्मी सिडको खानदेशातून आलेली, माझं माहेरही धुळ्याकडचं. "काय करी ऱ्हायना रे?" हेच पोरांच्या तोंडात. त्यात पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कोकणी बोलणारी आहेत, हिंदी बोलणारी आहेत. पहिलीतलं पोर गप्प बसलं की ते मठ्ठ आहे असं नाही, त्याला बाईंचं वाक्य कळलेलं नसतं.

आणि एक पान कानबाईचं. त्याची गोष्ट पुढे येते.

मॅडम सोमवारी आल्या. सिटीलिंकच्या बसमधून उतरून चालत, खांद्याला पर्स आणि हातात कापडी पिशवी. प्रार्थनेच्या बऱ्याच आधी. रांगोळी अर्धी झाली होती, गुलाब बादलीत होते, स्वागतगीताच्या पोरींतली निम्मी फौज, पेटी वाजवणाऱ्या बाईंसकट, यायची होती. मॅडम घाईघाईत ऑफिसकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आधी सही करू द्या, मग फूल घेते." रुजू अहवालावर 'म.पू.' लिहायचं असतं, म्हणजे मध्यान्हपूर्व. नोकरीतल्या माणसाला त्या दोन अक्षरांची किंमत असते, कारण तो दिवस त्यावरून मोजला जातो. त्यांनी अहवाल लिहिला, आवक-जावकला नंबर टाकला, सही केली आणि मग बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मला हे आवडलं. फुलवालीला आवडलं नाही.

परिपाठ झाला. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. मग मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. आम्ही नेहमीच्या भाषणाची तयारी ठेवून उभ्या होतो. त्यांनी माइक बाजूला केला आणि पोरांना विचारलं, "शाळेत कुठली जागा तुम्हाला सगळ्यात आवडते?" मैदान, पायरी, गोष्टीच्या पुस्तकांचं कपाट, अशी उत्तरं आली. "आणि कुठे जायला नको वाटतं?"

दोनशे पोरं एका आवाजात ओरडली, "संडासात!"

शिक्षक जमिनीकडे बघायला लागले. आमच्यातल्या निवेदनवाल्या ताई माझ्याकडे बघून अशा हसल्या की मला पण हसू आवरेना. आम्ही पंधरा दिवस थांबवलेली मागणी पोरांनी पंधरा सेकंदांत दिली होती, आणि तीही निवेदनाशिवाय. मॅडम त्या दिवशी दुपारी स्वतः संडासात जाऊन आल्या. दाराचं काम वेल्डिंगवाल्या पालकाने त्याच आठवड्यात करून दिलं. टाकीचं झाकण आणि भिंत या गोष्टी कागदावर गेल्या, कागदाच्या चालीने चालत आहेत.

नंतरचे काही दिवस चार्ज देण्याघेण्यात गेले. हा प्रकार मी जवळून पहिल्यांदा बघितला. बाहेरच्याला वाटतं, खुर्चीवर बसलं की झालं. पण प्रभारी बाईंनी एकेक रजिस्टर काढायचं, नव्या मॅडमनी पान उलटून बघायचं, यादीवर खूण करायची, शेवटी दोघींच्या सह्या. जनरल रजिस्टर, हजेरीपट, कॅशबुक, पोषण आहाराच्या नोंदी, शेरेबुक, सूचना वही. जनरल रजिस्टर सर्वांत जपून हाताळलं गेलं. शाळेत दाखल झालेलं प्रत्येक मूल त्यात आहे, जन्मतारीख आहे, जात आहे, कधी शाळा सोडली ते आहे. त्यात मनाने खाडाखोड चालत नाही. जुन्या भागातल्या ओळींवर मॅडमचं बोट फिरत होतं आणि जन्मतारखेच्या रकान्यात जून, जून, पुन्हा जून. लोक चाळीस-चाळीस वर्षांनी त्या एका ओळीचा उतारा मागायला येतात, जातीच्या दाखल्यासाठी, पासपोर्टसाठी. प्रभारी बाई म्हणाल्या, "मॅडम, हे कपाट ओल धरतं, पावसाळ्यात खालच्या कप्प्यात काही ठेवू नका." हे वाक्य चार्ज यादीत कुठे बसत नाही.

डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदीला, गाडी अडली. रजिस्टरात पृथ्वीगोल दोन, सापडला एक, तोही दक्षिण गोलार्धात चेपलेला. हार्मोनियम एक, सापडली शून्य. मोडकी वस्तू असली तरी ती रीतसर निर्लेखित, म्हणजे नोंदीतून कमी, होईपर्यंत शाळेत दिसलीच पाहिजे, नाहीतर जिने चार्ज घेतला तिच्या डोक्यावर. मॅडम म्हणाल्या, "दिसल्याशिवाय मी सही करणार नाही." प्रभारी बाईंचा चेहरा उतरला. त्या बिचारीने पेटी कधी पाहिलीच नव्हती, रोजच्या प्रार्थनेला दुसऱ्या बाई घरची पेटी आणायच्या. मी शिपाईमामांना गाठलं. मामांनी बराच वेळ कान खाजवला आणि सांगितलं की ती जवळच्या देवळात भजनी मंडळाकडे असेल, कुठल्याशा सप्ताहाला नेली होती. नेली होती म्हणजे कधी, ते मामांनाही सांगता येईना. मंडळातले आजोबा कुरकुरत का होईना संध्याकाळपर्यंत पेटी घेऊन आले, वर आम्हालाच सुनावलं की आम्ही दोनदा तिचा भाता बदलला, शाळेत असती तर उंदरांनी खाल्ली असती. खरंच होतं ते. मॅडमनी त्यांना बसवून चहा दिला आणि दर गुरुवारी शाळेत येऊन पोरांना दोन गाणी शिकवायचं कबूल करून घेतलं. कडक म्हणतात ते हे असेल तर मला चालेल.

बँकेचं मात्र मी थोडक्यात सांगते, कारण आठवलं तरी डोकं दुखतं. समितीच्या खात्यावर अध्यक्षांची आणि मुख्याध्यापकांची अशी जोडीने सही असते. मुख्याध्यापक बदलले की समितीचा ठराव लागतो, सूचक-अनुमोदकासह, जुनी सही रद्द, नवी लागू. ठराव केला. मॅडमच्या आदेशात सासरचं नाव आणि पॅन कार्डावर माहेरचं, म्हणून परत पाठवलं. लग्नाचा दाखला जोडला तर ठरावाच्या प्रतीवर गोल शिक्का नाही म्हणून परत. दरम्यान खडू, झाडू, फिनेल मॅडमच्या पर्समधून. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, १०१ ते २५० पटाला वर्षाचे ५० हजार, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर. पैसे आहेत, पण सही लागेपर्यंत ते दुरून बघायचे. कुठल्याही समितीला माझं सांगणं आहे की ज्या दिवशी आदेश येईल त्याच दिवशी ठरावाचा मसुदा लिहून ठेवा आणि नव्या माणसाला फोन करून पॅन, आधार आणि आदेश या तिन्हींवरचं नाव विचारून घ्या. गुलाब नंतर आणले तरी चालतात.

वही मी पहिल्या आठवड्यात दिली नाही. चार्ज आटोपला तेव्हा दिली. मॅडमनी ती घरी नेली, दुसऱ्या दिवशी परत आणली आणि मधलं एक पान कात्रीने कापून माझ्या हातात ठेवलं. ते पान एका सदस्याने आग्रहाने लिहायला लावलं होतं. कुणाचा बाप पितो, कुणाची आई निघून गेली आहे, कुणाकडे उधारी फार आहे. मॅडम म्हणाल्या, "ताई, हे मला तोंडी सांगत जा. वही टेबलावर राहते, कुणीही उघडतं. आणि पोर मोठं होऊन एक दिवस शाळेतच काहीतरी कागद मागायला येतं." मी ते पान चुलीत घालायला घरी नेलं, म्हणजे गॅसवरच जाळलं. बाकीची वही त्यांनी ठेवून घेतली, आणि त्यात त्यांच्या अक्षरातल्या नोंदी वाढत गेल्या.

आता कानबाई. खानदेशी घरांत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही देवी बसते, सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. नैवेद्याचे रोट असतात, ते घरातल्याच माणसांनी संपवायचे असतात, आणि त्यासाठी मुंबई-सुरतेला असलेले भाऊबंदही येतात. नाशिकच्या सिडकोत ही धामधूम धुळे-जळगावइतकीच. त्या सोमवारी आमची शाळा अर्धी रिकामी असते, दरवर्षी. आणि दरवर्षी त्या दिवशी हजेरीवर लाल शाई, मंगळवारी पोरांना बोलणी, "सणाला काय शाळा बुडवायची असते का?" बाहेरून आलेल्या शिक्षकांना हा सणच माहीत नसतो, कारण कॅलेंडरात ठळक छापलेला नसतो. मॅडम निफाडकडच्या. त्यांनाही माहीत नव्हता. चाचणीचं वेळापत्रक आधीच लागलं होतं आणि गणिताचा पेपर नेमका त्या सोमवारी होता. वहीतलं पान वाचून त्यांनी पेपर गुरुवारवर नेला. कुणाला काही सांगितलं नाही, नोटीस बदलली एवढंच. सोमवारी त्या आमच्या गल्लीतली मिरवणूक बघायला शाळा सुटल्यावर येणार होत्या, तोपर्यंत विसर्जन आटपलं होतं, मग घराघरांत खीर नाकारता नाकारता त्यांची पुरेवाट झाली. रोट बाहेरच्यांना द्यायचा नसतो हे बायकांनाही ठाऊक, पण खीर तर देता येते.

सगळं गोड चाललं होतं असं समजू नका. दोन शिक्षकांना मॅडमचं वागणं पटलं नाही. जेवण आलं की आधी चव घ्यायची आणि तशी नोंद करायची हा नियम पोषण आहारात आहेच, पण आधी ती नोंद एकदम आठवड्याची व्हायची. मॅडम रोज वाटी घेऊन उभ्या राहायला लागल्या, आणि नुसती चव नाही, पहिलीच्या पोराच्या ताटात १०० ग्रॅम तांदळाचा भात खरंच पडतो का तेही बघायला लागल्या. "आम्ही काय चोर आहोत का," असं एक सर मला गेटवर म्हणाले. त्यांचाही राग मला कळतो. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही आणि आता विचारलं की माणसाला तो संशय वाटतो. मी मध्ये पडले नाही. शिक्षकांची आणि मुख्याध्यापकांची भांडणं समितीने सोडवायला जाऊ नये, ती चहावर मिटतात किंवा मिटत नाहीत. सप्टेंबरअखेर, ३० तारखेच्या पटावर शिक्षकांची पदं ठरतात. त्या महिन्यात हेच सर मॅडमसोबत साइटवर मुकादमाला शोधत फिरत होते, गळालेली पोरं परत आणायला. पुढे काय झालं त्यांच्यात, मी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या सभेत मॅडमनी पिशवीतून एक कागद काढला. मागण्यांची यादी. आमच्याकडून नाही, आमच्यासाठी. पालकांच्या ग्रुपवर सुप्रभातची फुलं बंद, फक्त शाळेचं बोलायचं. मूल गैरहजर असेल तर सकाळी कळवायचं. पहिली-दुसरीच्या घरांत रोज कुणीतरी पोराला दहा मिनिटं मोठ्याने वाचू द्यायचं, वाचता येत नसेल तरी समोर बसायचं. आणि पालकसभेला बापांनी यायचं.

फुलं बंद करण्यावर थोडी रडारड झाली, बाकीचं मान्य झालं. बापांच्या मुद्द्यावर मात्र अजून गोंधळ आहे. बुधवारी दुपारी कुठला बाप येणार? माझ्या मिस्टरांच्या कंपनीला शनिवारी सुटी असते, बऱ्याच घरांत तसंच आहे, शिवाय शनिवारी शाळा सकाळची. म्हणून सभा शनिवारी साडेदहाला ठरली. रिक्षावाल्या दादांनी विचारलं, "बापांनी येऊन बोलायचं काय?" मॅडम म्हणाल्या, "पोरगं कितवीत आहे ते सांगितलं तरी सुरुवात होईल." घरी येऊन मी मिस्टरांना तारीख सांगितली, तर त्यांना नेमकी त्याच शनिवारी गाडी सर्व्हिसिंगला टाकायची आठवण झाली. गॅरेज शाळेच्या गल्लीतच आहे, हे मी त्यांना सांगून ठेवलं आहे.